कुंपणापलीकडचं तेल

पाइपातून धो धो आलं ते पाणी होतं. मालकाने ओंजळ धरली, जिभेला लावून पाहिलं आणि थुंकला. खारट.

"कालपासून असंच आहे," विहिरीवरचा मिस्त्री म्हणाला. "तेल नावाला."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, मालक. तुम्ही म्हणालात, इंजिनाची वाफ वाढव."

मालक तडक कुंपणाकडे निघाला. तारेपलीकडे, हाकेच्या अंतरावर, धाकट्या भावाची तेलविहीर होती. वडिलांची जमीन दोघांत वाटली गेली, पण जमिनीखालचं तेल काही वाटता आलं नाही. मग जो आधी उपसेल त्याचं. एकाने एक पंप बसवला की दुसरा दोन बसवायचा. एकाच ताटावर बसून दोघं एकमेकांचे घास मोजत ओरपत होते.

धाकटा कुंपणापाशीच उभा होता. त्याच्या बादलीतही तेच पाणी.

"दादा, आपण हावऱ्यासारखं उपसलं, म्हणून खालचं पाणी वर चढलं," तो म्हणाला. "आता काही महिने दोघंही थांबू. बसलं खाली तर बसेल."

"म्हणजे मी थांबायचं आणि तू गुपचूप चालू करायचंस. मला काय दूधखुळा समजतोस?"

धाकटा मागे वळला, जाऊन त्याने आपलं इंजिन थांबवलं. परत आला तेव्हा त्याच्या हातात इंजिनात वाफ सोडायचा लोखंडी दांडा होता. तो त्याने तारेवरून पुढे केला.

"तुझ्याकडेच ठेव. याच्याशिवाय माझं इंजिन हलत नाही. आता तर झालं?"

दांडा अजून गरम होता. क्षणभर मालकाला वाटलं, धाकट्याच्या पाठीवर हात ठेवावा. पण मधे तार होती.

"बरं," एवढंच तो म्हणाला.

तो परतला तेव्हा मिस्त्री इंजिनाखालचे निखारे बाहेर ओढत होता.

"तुला कुणी सांगितलं?"

"तिकडचं थांबलं ना. म्हटलं, समेट झाला असेल. आपलंही थांबवायचं."

"तिकडचं थांबलंय म्हणूनच चालवायचं. आता सगळं आपल्याकडेच येणार. दोन्ही पंप लाव."

मिस्त्रीने निखारे परत आत लोटले.

पंप धडधडू लागले तसा धाकटा घराबाहेर आला. कुंपणापर्यंत मात्र आला नाही. तसाच आत गेला.

दुपार उलटून गेली.

"अजून पाणीच आहे, मालक."

"येऊ दे. पाणी सरलं की तेलच येणार."

"आणि नाही आलं तर?"

मालकाने मान कुंपणाकडे वळवली. पलीकडे भावजयीने अंगणात धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या. त्याच्या इंजिनाचा धूर वाऱ्याने थेट त्यांच्यावर जात होता. ती एकेक चादर काढून आत नेत होती. इकडे तिने एकदाही पाहिलं नाही.