चष्म्याचा स्क्रू

“शोधकाचं नाव?” सल्लागारबाईंनी विचारलं, आणि समोरच्या तिघांपैकी दोघांनी एकदमच घसा खाकरला.

तिसरी सून होती. तिने खाकरलं नाही. मांडीवरच्या पिशवीत तिचं यंत्र होतं. यंत्र म्हणजे काडेपेटीएवढा पत्र्याचा डबा. शिलाई मशीनच्या बॉबिनपाशी तो बसवला, की खालचा दोरा संपत आल्याबरोबर मशीन आपोआप थांबतं. नाहीतर शिवणारी बाई हातभर कापड नुसतं भोसकत जाते आणि उचलून पाहते, तो टाका एकही नाही.

महिला उद्योजकांना पेटंटसाठी मोफत मदत करणारं ते केंद्र होतं. दारावर तसं ठळक लिहिलेलं असूनही दर आठवड्याला तिथे भरपूर पुरुष येत. बाईंची त्याला हरकत नव्हती. फक्त खुर्च्या कमी पडत.

“आधी माझं नाव घाला,” सासरे म्हणाले. “तीन पिढ्यांचा शिवणकामाचा धंदा आमचा. मी मार्गदर्शन केलं.”

“मशीन माझ्या नावावर आहे,” नवरा म्हणाला. “म्हणजे दोन नंबरला मी.” मग त्याने मोठ्या मनाने बायकोकडे पाहिलं. “हिचंही घाला. खाली.”

“घाला हो बाई,” सून म्हणाली. “घरचीच माणसं आहेत. उगाच कशाला वाद.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “ही लग्नपत्रिका नव्हे, ताई, की घरात जेवढे आहेत तेवढे सगळे छापले. ज्याने शोध लावला त्याचंच नाव. खोटं नाव घातलं आणि उद्या एखादी कंपनी कोर्टात गेली, तर पेटंटच रद्द होऊ शकतं. मग तुमचा डबा कुणीही बनवेल, आणि तुम्ही बघत बसाल.”

सुनेने पिशवी घट्ट धरली.

“मग ठरवायचं कसं?” नवऱ्याने विचारलं.

“सोपं आहे. यंत्र चालतं कसं, ते सांगू नका. ते एव्हाना तुमच्या शेजाऱ्यांनाही पाठ असेल. बिघडलं कसं, ते सांगा.”

सासऱ्यांनी छताकडे पाहिलं. छताला पंखा होता. त्याने काही सुचवलं नाही.

“एकदा अडकलं होतं,” ते म्हणाले.

“काय अडकलं?”

“ते आपलं... नेहमीचं.”

“हो, तेच,” नवऱ्याने जोर दिला. “तेलाची भानगड होती.”

“तेलाचा काय संबंध?” सून म्हणाली. आवाज जरा चढलाच. “चौदा वेळा बिघडलं, बाई. तेलामुळे एकदाही नाही. पहिल्यांदा पेनातली स्प्रिंग लावली. ती इतकी नाजूक, की जाड कापड आलं की थरथरायची आणि मशीन उगाचच थांबायचं. मग गजराच्या घड्याळाची लावली. ती इतकी ताठ, की दोराच तुटला. मग म्हटलं, स्प्रिंगच नको. पत्र्याची जीभ दोऱ्यावर नुसती टेकवायची. दोरा संपला, की ती आपल्या वजनाने खाली पडेल. पण नुसती जीभ हलकी पडली असती. टोकाला काहीतरी बारीक आणि जड हवं होतं. म्हणून चष्म्याचा स्क्रू...”

“थांब,” सासरे म्हणाले. “कुणाच्या चष्म्याचा?”

सून पिशवीकडे बघत राहिली.

“माझ्या! म्हणजे तू काढलास तो! आणि मी वर्षभर त्या चष्मेवाल्याच्या नावाने खडे फोडतोय!”

“तारीख आठवते का हो, काका?” बाईंनी अगदी सहज विचारलं.

“न आठवायला काय झालं? मागच्या वर्षी, सात मार्च! डॉक्टरकडे निघालो होतो. एक काच डोळ्यावर, एक हातात. सगळी गल्ली हसत होती.”

“बाबा,” नवरा हळूच म्हणाला, “अहो, काय बोलताय तुम्ही...”

“तू गप्प बस. तुझं गजराचं घड्याळही आपोआप नाही बिघडलं, कळलं का?”

“लिहून घेतलं, तर सही कराल?” बाईंनी विचारलं.

“एकदा नाही, दहादा करीन. चोरी ती चोरी!”

बाईंनी भराभरा टाइप केलं आणि कागद पुढे सरकवला. ‘सात मार्चला माझ्या सुनेने मला न विचारता माझ्या चष्म्याचा स्क्रू काढून आपल्या यंत्राला लावला. ती काय बनवत आहे, याचा मला पत्ताही नव्हता.’

‘पत्ताही नव्हता’च्या खाली सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने रेघ मारली, आणि झोकात सही केली. नवऱ्याने कपाळाला हात लावला. मग सासऱ्यांनी कागद पुन्हा वाचला, या वेळी सावकाश, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.



“त्या स्क्रूने तरी चाललं का?” शेवटी त्यांनी विचारलं.

“नाही. वजन कमी पडलं. त्यानंतर आणखी अकरा वेळा बिघडलं.”

“अकरा,” सासरे पुटपुटले. त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता.

“तर मग शोधक किती?” बाईंनी विचारलं.

सुनेने पिशवी मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली. “एक,” ती म्हणाली. “मी.”

अर्ज गेला. पावती छापून आली. बाईंनी ती सुनेपुढे धरली, पण सासऱ्यांचा हात आधी पोचला. त्यांनी ती लांब धरली, मग नाकाजवळ आणली. ‘शोधक’ या शब्दाशी थांबले. आजूबाजूला आणखी काही छापलंय का, ते पाहिलं. आणि मग सुनेचं पूर्ण नाव खणखणीत आवाजात वाचलं. बाहेरच्या बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या.

“नीट ऐकू नाही आलं, बाबा,” सून म्हणाली. “पुन्हा वाचा ना.”