बारा वर्षांचे नवे नियम

या घरात माझ्यापुढे ब्र काढायची कुणाची छाती नाही. सूनबाई तेवढी, मी एक बोलले की चार सुनावते.

काल जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तिची मीटिंग चालली होती. त्यांच्या ऑफिसचा प्रोग्रॅम म्हणे कॉम्प्युटरच्या सी भाषेत लिहिलाय, त्या भाषेचे नवे नियम आता घेऊ या, असं ती दोन वर्षं सांगतेय. जुन्या-नव्या सगळ्या कॉम्प्युटरांवर तिनं तो तसा चालवूनही पाहिलाय, कुठेच अडला नाही. साहेब म्हणाले, "नको, फारच नवे आहेत." ही नुसतं "बरं सर" म्हणाली आणि रडवेली होऊन बसली.

"किती नवे गं?" मी विचारलं.

"बारा वर्षं झाली, आई."

 

"मग लाव त्याला परत फोन, आणि सासू समजून बोल!"