पाणी वर चढत नाही

"पाणी वर चढत नाही, बाई," ओळंबा खिडकीच्या जाळीला तोंड लावून म्हणाला. "तुमच्या साहेबांना शाळेत शिकवलं नव्हतं का हे?"

खिडकीपलीकडच्या कारकूनबाईंनी त्याचा अर्ज पालथा ठेवला. "काका, हा तिसरा अर्ज. कशाला भांडत बसता? गटारपट्टी भरून टाका. पावती घ्या आणि जपून ठेवा."

"पावती काय चाटायची आहे?"

मागे रांगेत दोघंतिघं हसले. ओळंब्याला तेवढंच हवं होतं. त्याची सगळी हयात गवंडीकामात गेली आणि नावही भिंत सरळ आहे का ते बघायच्या ओळंब्यावरूनच पडलं. त्याची भिंत सुतात असायची आणि मान कुणापुढे वाकायची नाही. गल्लीत नवं भुयारी गटार आलं, नगरपालिकेनं त्याच्या खर्चाची पट्टी घराघरावर बसवली आणि सगळ्यांनी ती मुकाट्यानं भरली. ओळंब्यानं नाही भरली. त्याचं घर गल्लीच्या टोकाला, ओढ्याच्या बाजूला, रस्त्यावरून चार पायऱ्या उतरून. गटार वर, मोरी खाली. सांडपाणी काय शिडी लावून चढणार होतं?

घरी बायकोनं नोटीस त्याच्यासमोर धरली. "न भरल्यास घर जप्त, असं लिहिलंय यात. वाचता येतं ना?"

"येतं."

"मग? जन्मभर लोकांची घरं बांधलीत. स्वतःचं बांधायला वीस वर्षं लागली, ती पण एकेक खोली करत. ते हट्टापायी घालवता का?"

"आज नको त्या गटाराचे दिले, तर उद्या वाऱ्याचे मागतील. घर कुठं जात नाही. माझ्या हातचं आहे ते."

बोलला खरं, पण ताट अर्धंच ठेवून तो नोटीस पुन्हा वाचायला लागला. घर गेलं तर आपलं काय, हा विचार त्यालाही सुटला नव्हता. बायकोला ते दिसलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

सुनावणीत त्यानं एकच मागणी लावून धरली, की आधी जागा बघा, मग बोला. तिसऱ्या दिवशी साहेब खरंच आले. शांत माणूस, बूट चिखलात गेले तरी कुरकुर नाही. मागे कारकूनबाई, छातीशी फाइल धरून.

ओळंब्यानं पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी काढली. ही गवंड्याची लेव्हल. एक टोक चेंबरमध्ये, गटाराच्या तळाशी. दुसरं त्यानं आत नेऊन मोरीच्या भिंतीला लावलं. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं. तिथं वशिला चालत नाही की पदवी. त्यानं भिंतीवर रेघ मारली. मोरीच्या फरशीपासून चांगली हातभर वर.

"बघा. गटाराचा तळ इथं आणि माझी मोरी तिथं खाली."

साहेबांनी वाकून पाहिलं, स्वतः टेप लावला. "बरोबर आहे तुमचं."

"साहेब, आज राहू द्या," कारकूनबाई मध्येच म्हणाल्या. "जबाबाचे कागद ऑफिसात राहिलेत."

ओळंब्यानं कोनाड्यातून वही काढून दिली. "घ्या. यातली पानं फाडा."

"माझं पेनही चालत नाहीये."

"माझं चालतं."

बाईंनी पेन घेतलं, पण त्याचं टोपण काढायला त्यांना फार वेळ लागला. ओळंबा मनात हसला. हरायची वेळ आली की कागद विसरतात, पेनं बंद पडतात. असले ठेकेदार त्यानं आयुष्यात ढिगानं पाहिले होते.

"म्हणजे हे घर ओढ्याच्या पातळीला आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"काका, नीट विचार करून सांगा," बाई म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या वहीवर वाकल्या.

बायकोनं मागून त्याची बाही ओढली. त्यानं ती सोडवून घेतली.

"पातळीला कसलं? ओढाच होता इथं, अख्ख्या गल्लीत. पाया मी खणलाय, मला विचारा. कमरेएवढं खणलं तरी वाळू आणि गुळगुळीत गोटे. ओढ्यानं वाट बदलली, म्हणून जागा झाली. माझं पाणी सरळ त्यात जातं. तुमच्या गटाराशी या घराचा काडीचा संबंध नाही."

"लिहून देता?"

"सही ठोकून देतो."

आणि ठोकली. अक्षर असं की खालच्या तीन पानांवर उमटलं असेल.

निकालाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. बायकोलाही घेऊन गेला; तिनं स्वतःच्या कानांनी ऐकावं अशी त्याची इच्छा होती. कारकूनबाईंनी जाळीखालून कागद सरकवला. ओळंब्यानं चष्मा लावला आणि व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "अर्जदाराचे म्हणणे मान्य. गटारपट्टी रद्द."

रांगेतल्या एकानं टाळी वाजवली. बायको कित्येक दिवसांनी हसली आणि डोळे पुसत म्हणाली, "जिंकलात बाई एकदाचे."

"मग?" तो म्हणाला. "सगळी गल्ली वाकली, आपण वाकलो नाही." तो खिडकीकडे वळला. "काय बाई, भरून टाका, भरून टाका म्हणत होतात. आता तरी पटलं?"

बाईंनी मान वर केली नाही. "मागचं पान वाचा, काका," त्या हळूच म्हणाल्या.

त्यानं त्याच मोठ्या आवाजात पान उलटून वाचायला सुरुवात केली.

"सदर गल्लीतील सर्व घरे ओढ्याच्या पात्रात विनापरवाना बांधलेली आहेत. ज्या घरांची गटारपट्टीची पावती आहे, ती घरे कायम करण्यात येत आहेत. पट्टी लागू नसलेले एकमेव घर तीस दिवसांच्या आत पाडण्यात यावे."