वजा किती?

"बहात्तर साठ!" मैदानाच्या पार पलीकडून मेहुणा कोकलला, आणि फरशीवाला जागच्या जागी असा उडाला, असा उडाला, की दुखरा खांदा आपलाच आहे हेही विसरला. मग "आई गं" करून खालीच बसला.

बसल्या बसल्या हसत होता मात्र. सत्तर मीटर पाहिजे होते, मिळाले बहात्तर! प्लॅस्टिकची चकती भिरकावायची आणि लांबच्या साखळ्यांच्या टोपलीत घालायची, असा तो डिस्क गोल्फचा खेळ. पण याने टोपलीकडे कधी धड बघितलंच नाही. याला फक्त लांब फेकायचं. घरी एका फुटक्या फरशीच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे मांडलेले: चाळीस, पन्नास, साठ. एकेक गाठला की त्यावर काट. सत्तरवर काट मारायची राहिली होती, आणि दिवस उरला होता हाच. चार वाजता दवाखान्यात भरती, उद्या सकाळी उजव्या खांद्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी तोंडावर सांगून टाकलं होतं की नंतर हा हात जेवायला चालेल, हळूहळू कामालाही चालेल, फेकायला नाही. कधीच नाही.

बायकोने निघताना दम भरला होता, "एकच. दुसरी फेकलीत तर मीच हात मोडीन, डॉक्टरांची गरजच नाही."

तर ती ही एक.

मेहुणा धापा टाकत आला. काखेत चकती, हातात गुंडाळलेली टेप. "दाजी, पार्टी पाहिजे! ऑपरेशनच्या आधी पाहिजे, नंतर तुम्ही कण्हत बसाल!"

बायको दवाखान्याची पिशवी घेऊन उभी होती. तिची नजर टेपवर गेली.

"ही कुठली रे?"

"आपलीच की. कामावरची."

"तुटकी?"

झालं.

त्यांची टेप पन्नास मीटरची, पण गेल्या वर्षी फरशी कापायच्या मशीनखाली तिचे पहिले दोन मीटर गेले. तेव्हापासून ती शून्याऐवजी थेट दोनपासून सुरू होते. नवी आणू, नवी आणू म्हणत वर्ष गेलं. तिघं एकाच कामावर, तिघांनाही हाताला सवय: आकडा वाचायचा, मनात दोन वजा करायचे, मगच तोंड उघडायचं.

"मग दोन गेले," फरशीवाला घाईघाईने म्हणाला. "सत्तर साठ. तरी झालंच की नाही?"

"टेप दोनदा लावली ना पण?" बायको म्हणाली. "पन्नास संपले, मग तिथून परत पहिल्यापासून. म्हणजे दोनदा दोन. चार गेले."

अडुसष्ट साठ. फरशीवाल्याचा चेहरा असा पडला की बघवेना.

"थांब, थांब ताई!" मेहुणा मध्ये पडला. "पहिले पन्नास मी तसेच धरले, कबूल. त्यातले दोन गेले. पण पुढचे बावीस साठ मी वजा करून बोललो असेन. सवयीने."

"असेन म्हणजे? टेपवर बावीस होते का चोवीस?"

मेहुण्याने डोळे मिटले. उघडले. परत मिटले. "चोवीस... नाही, बावीस. अगं, तू विचारलंस की दोन्ही दिसतात!"

"अरे, वजा केलेस की नाही एवढं तरी आठव!"

"दाजी, श्वास घेतला का नाही हे आठवतं का कुणाला?"

"सोडा. परत मोजू," बायको म्हणाली. "चकती कुठे पडली होती?"

तिघांनीही चकतीकडे बघितलं. ती मेहुण्याच्या काखेत.

तरी गेले तिघं पलीकडे. गवत सगळीकडे सारखंच. मेहुणा एका जागी उभा राहिला, "इथे." मग चार पावलं सरकला, "का इथे?" मग त्या दोन्हींच्या मध्ये येऊन डोकं खाजवायला लागला.

"मग मी काट मारू का नको?" फरशीवाल्याने विचारलं. कुणाला विचारलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"तुम्हाला काय वाटतं?" बायको म्हणाली.

"माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे? मला मघाशी बहात्तरसुद्धा वाटले होते."

सगळे परत फेकायच्या रेघेपाशी आले. साडेतीन होत आले होते. त्याने मेहुण्याच्या काखेतली चकती ओढून घेतली आणि उजवा हात मागे नेला. कोपर कमरेपर्यंत आलं आणि थांबलं. पुढे जाईचना. बायको बघत होती, पण हात मोडायचं काही बोलली नाही.

मग त्याने चकती डाव्या हातात घेतली.

"अहो, तो हात नाही तुमचा!"

"मग कुणाचा आहे?"

आणि फेकली. चकती सरळ कसली जाते! भलतीकडेच वळली, मेहुण्याच्या डोक्यावरून गेली, तो खाली वाकला म्हणून वाचला, आणि बाजूच्या गवतात धप्पकन आपटली. मेहुणा सवयीने उचलायला धावला.

"हात लावायचा नाही!" बायको एवढ्या जोरात ओरडली की तो वाकलेला तसाच थिजला. ती पिशवी सांभाळत पळत गेली आणि चपलेसकट पाय चकतीवर ठेवून उभी राहिली.

लांब रेघेवर फरशीवाला टेपचं तुटकं टोक डाव्या हाताने जमिनीला दाबून गुडघ्यांवर बसला होता, फरशी बसवायला बसतो तसा.

"वाच," टेप उलगडत चकतीपर्यंत आलेल्या भावाला ती म्हणाली. "दिसतंय तेवढंच वाच. वजाबाकी आमची आम्ही करू."