बहुधा हाच

सुतार दुकानात शिरला आणि बोलायचं सोडून कापड बेतायच्या टेबलाकडेच बघत उभा राहिला. एका पायावर ते डुगडुगत होतं.

"काय शिवायचंय, काका?" शिवणकाम करणाऱ्या ताईंनी विचारलं.

"शिवायचं काही नाही. मी त्या पोराचा बाप."

ताईंचा मशीनवरचा पाय थांबला. समोरच्या घड्याळवाल्याचं मागून डोकं फोडून कुणीतरी पळालं होतं. पळणारा एकट्या ताईंनी पाहिला, तोही ओझरता. पोलिसांनी सुताराच्या पोराला पकडलं. कोर्टात सरकारी वकिलाने खोदून खोदून विचारलं, तरी त्यांचं एकच पालुपद, "बहुधा हाच." 'बहुधा' काढून सांगा म्हणाला, तर म्हणाल्या, "मग ते तुमचं बोलणं होईल, माझं नाही." त्या एका शब्दावर पोरगा सुटला.

सुताराला हा शब्द उभ्या जन्मात आवडला नव्हता. 'दार बहुधा बसेल' म्हणणाऱ्या कारागिराला त्याने एकदा भर कामातून घरी पाठवलं होतं. आज त्याच शब्दाचे आभार मानायला तो आला होता. पण आधी पिशवीतून लाकडाची पाचर आणि हातोडी काढून तो टेबलाखाली वाकला.

"अहो काका, राहू द्या!"

"दोन मिनिटांचं काम. ताई, तुमचे उपकार..." एवढं बोलून तो पाचर ठोकू लागला. त्याची बायको कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली होती, तेही सांगायचं राहून गेलं.

"उपकार कसले? मी तुमच्या पोरासाठी काही केलं नाही," ताई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? मला अजूनही वाटतं, बहुधा तोच होता."

हातोडी क्षणभर थांबली. मग एक ठोका जरा जोरातच बसला.

"आमचे नातेवाईक छातीठोकपणे सांगतात, आपला नव्हेच. शेजारी तितक्याच छातीठोकपणे सांगतात, तोच," टेबलाखालूनच सुतार म्हणाला. "यातलं तिथे कुणी नव्हतं. तुम्ही होतात."

"तुम्ही त्याला विचारलंत?"

सुतार उठला. टेबलावर दोन्ही हातांनी भार देऊन पाहिलं. हललं नाही.

"चार दिवस झाले येऊन, धीर होत नाही. पण पोरगा घरात आहे, ताई. विचारता तरी येईल."