उरलेली तबकडी

निवृत्ती मास्तर शाळेतून घरी आले, तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका काळ्या वाट्यांमध्ये तिळगूळ घेऊन निघाल्या होत्या. एका वाटीच्या तळाशी त्यांना ओळखीचं लाल लेबल दिसलं. एका विलायती रॉक गायकाच्या एकाच गाण्याच्या अकरा तबकड्या त्यांनी पिंपळगावात बसून, परदेशात पत्रं धाडून, बारा वर्षांत जमवल्या होत्या. एकीत गिटार उशिरा यायची, एकीत तो शेवटी गुणगुणायचा. “उकयत्या पान्यात बुडवल्या का वाट्या बनते,” बायको हरखून म्हणाली. “दहा वाणात देल्या. एक ठेवली तुमच्यासाठी. गाणं तं एकच हाये.” “एकच नव्हतं.” “मंग काय वेगळं होतं? मले कधी आयकवलंच नाही तुमी.” ती पदर सावरून बसली. मास्तरांनी उरलेली तबकडी लावली. गाणं संपलं. “चांगलं हाये,” ती म्हणाली. “आता दुसरं लावा, मंग फरक समजन.”