घरात नाही, दुकानात

"घरात एखादं जनावर आहे का? मांजर, पोपट, काहीही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हा प्रश्न त्या तिसऱ्यांदा विचारत होत्या. "पालसुद्धा टिकत नाही माझ्या घरात," आईनं तिसऱ्यांदा ठणकावून सांगितलं. खाटेवरच्या मुलीनं तापलेले डोळे उघडून बापाकडे पाहिलं. बाप खिडकीबाहेर बघू लागला.

मुलीचा ताप हटत नव्हता. हृदयाच्या झडपेवर जंतूंचा पुंजका सोनोग्राफीत स्पष्ट दिसत होता, पण रक्ताच्या तपासणीत काही उगवायला तयार नव्हतं. चोर घरात शिरलाय आणि कोण ते कळत नाही, अशी गत. औषधं अंदाजानं चालली होती आणि झडप दिवसेंदिवस बिघडत होती.

"पुन्हा आठवून बघा," बाई म्हणाल्या. "चूक कुणाची ते राहू द्या. जंतू आला कुठून, तेवढं मला हवंय."

बाप खिडकीपासून वळला. बायकोच्या शब्दाबाहेर जायची त्याची बिशाद नव्हती, आणि मुलीला तर त्यानं गळ्यावर हात ठेवून शब्द दिला होता.

"घरात नाही," तो म्हणाला. "दुकानात."

"काय दुकानात?" आईनं विचारलं.

"पांढरा उंदीर. फोटोफ्रेमांच्या मागे, खोक्यात. हिनं पाळलाय. दिवसभर बसून खातो म्हणून शेठ म्हणतो आम्ही त्याला. मागच्या महिन्यात हिच्या बोटाला चावला. एवढंसं. मीच पट्टी लावली, लगेच भरूनही आलं."

मुलीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता आपली धडगत नाही, असं समजून तो मान खाली घालून उभा राहिला. पण डॉक्टरीणबाईंनी तिथूनच लॅबला फोन लावला. "जखम भरते, जंतू रक्तात राहतो," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "हृदयापर्यंत क्वचितच पोचतो. साधं, जुनं पेनिसिलिन चालतं त्याला. बरं झालं बोललात." आईनं नुसते हात जोडले.

लॅबला नेमका तोच जंतू सापडला. आठवडाभरात ताप उतरला. सलाइन अजून बरेच दिवस चालायचं होतं, पण झडप वाचली होती. आई बापाशी कामापुरतंच बोलत होती, तरी त्याची काही तक्रार नव्हती. डॉक्टरीणबाई, सिस्टर, फरशी पुसणाऱ्या मावशी, दिसेल त्याला तो "फार उपकार झाले" म्हणत सुटला होता. लिफ्टनं ऐकलं असतं तर तिलाही म्हणाला असता.

एका सकाळी आई बेसिनपाशी पेला विसळत होती. मुलीनं बापाला खुणेनं जवळ बोलावलं.

"बाबा, शेठला टाकून दिलं?"

त्यानं बायकोच्या पाठीकडे पाहिलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. दुकानाची किल्ली त्या दिवसापासून बायकोच्या पर्समध्ये होती.

"काकडी तेवढी खातो," पेला पुसत आई म्हणाली. "गाजराला तोंड लावत नाही. फार माजलाय तुमचा शेठ."